यमुनाबाईंनी हात लावलेला माणूस

जुईनगरच्या आमच्या सोसायटीत माझी ख्याती 'त्या गुन्हेगारांना सोडवणाऱ्या आजी' अशी आहे. गेल्या वर्षी गणपतीच्या मीटिंगला मी जरा उशिरा पोचले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सरकून मला शेजारी जागा दिली आणि त्याच हालचालीत स्वतःची पर्स उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली. मी मीटिंग संपेपर्यंत अधूनमधून त्या पर्सकडे प्रेमानं बघत राहिले.

खरं म्हणजे मी कोणाला सोडवत नाही. सोडवतं ते कोर्ट. आम्ही दोन-चार माणसं जुन्या फौजदारी केसचे कागद पुन्हा वाचतो, एवढंच. पोलिसांनी पुरावा रचला आणि त्यावर कोणाला शिक्षा झाली, असा संशय असेल अशा केसचे. परदेशात म्हणे यासाठी सरकारनंच नेमलेली स्वतंत्र मंडळं असतात. आपल्याकडे आम्ही आहोत, आणि बेलापूरला एका झेरॉक्सच्या दुकानावर असलेला, पंखा नीट न चालणारा गाळा आहे.

मी वकील होते. होते म्हणजे सनद अजून आहे, कोट मात्र बसत नाही. तरुणपणीची मी आठवली की त्या बाईशेजारी बसताना मलाही पर्स सरकवावीशी वाटते. भर मे महिन्यात काळा कोट घरातूनच घालून निघायची. कोर्टात जाऊन घातला असता तरी चाललं असतं, पण मग ते खालच्या भाजीवाल्याला कसं कळणार? साक्षीदारावर मी असा आवाज चढवायची की बाहेरच्या व्हरांड्यातले पक्षकार स्वतःचीच केस पुकारली समजून आत यायचे. सत्य आत कुठंतरी दडून बसलेलं असतं आणि ठणकावलं की बाहेर येतं, असा माझा समज. घरीही तोच खाक्या. एकदा आमटी अळणी झाली तेव्हा मी सासूबाईंना म्हणाले, "मी तुम्हाला असं सुचवते की आज आमटीत तुम्ही मीठ घातलेलंच नाही." सासूबाई चौथी शिकलेल्या. हातातला डाव न थांबवता म्हणाल्या, "हे म्हणणं खरं नाही." पुढं विचारायला मला प्रश्न उरला नाही. माझ्या वकिलीतली ती सर्वांत चोख साक्ष.

वकिली थांबवल्यावर फरीदानं मला गटात ओढलं. फरीदा माझ्या मुलीच्या वयाची वकील. गट खऱ्या अर्थानं तीच चालवते. दुसरे आमचे जज्जसाहेब, निवृत्त. जन्मभर शिक्षा सुनावल्या आणि आता दुसऱ्यांनी सुनावलेल्या शिक्षा वाचत बसतात. वाचताना मधेच चष्मा काढून म्हणतात, "अरेरे, मीही हेच केलं असतं." तिसरी मी. माझं काम साक्षीदारांच्या घरी जाऊन बसण्याचं. या वयाच्या बाईला कोणी दारातून हाकलत नाही, आणि चहा तर मिळतोच.

काम कसं चालतं ते सांगते. तुरुंगातून किंवा घरच्यांकडून अर्ज येतो. आम्ही केसचे कागद मागवतो. निकालपत्र सगळ्यात शेवटी वाचायचं, हा जज्जसाहेबांचा नियम. निकालपत्र हे उत्तम लिहिलेलं असतं. आधी वाचलं तर पटतं, आणि एकदा पटलं की पुढचं काही दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवसाचे कागद पहिल्यांदा. त्या दिवशी कोणाला काही ठरवायला वेळ मिळालेला नसतो.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक अर्जांत पोलिसांनी पकडलेला माणूस बरोबर असतो, हेही सांगून टाकते, नाहीतर सोसायटीवाले पुन्हा पर्स सरकवतील. ऐरोलीच्या एकाचा अर्ज वाचून मी तर हळवी झाले होते. भाषाच तशी. त्याच्या बायकोला भेटायला गेलो. तिनं चहा ठेवला, मुलांना आतल्या खोलीत पाठवलं आणि म्हणाली, "ताई, त्यानंच केलंय. मला आता झोप लागते. राहू दे तिथंच." चहा चांगला होता. पिऊन परत आलो.

आणि पोलिसांबद्दल. तरुणपणी मला वाटायचं की खोटा पुरावा रचणारा पोलीस म्हणजे नाटकातला मिशा पिळणारा खलनायक. तसा मला अजून भेटलेला नाही. भेटला तो दमलेला, वरून शिव्या खाल्लेला माणूस. त्याची मनापासून खात्री असते की धरलाय तोच गुन्हेगार आहे. पुरावा तेवढा कमी पडतोय. मग पुराव्याला जरा हात द्यायचा, इतकंच त्याच्या मनात असतं. या 'जरा'वर एकेकाची जन्मठेप उभी असते.

हात द्यायच्या रीती ठरलेल्या आहेत. हत्यार सापडल्याचा पंचनामा करायचा तर दोन पंच लागतात, म्हणजे त्या वेळी तिथं हजर असलेली दोन त्रयस्थ माणसं. एका पोलीस ठाण्याच्या बऱ्याच पंचनाम्यांत आम्हाला एकच नारळपाणीवाला पंच म्हणून दिसायला लागला. मी जाऊन शहाळं घेतलं आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही इतक्या ठिकाणी हजर कसे असता हो?" त्यानं कोयत्यानं शहाळ्याचं तोंड उडवलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आजी, गाडी फुटपाथवर हाये ना माजी." याहून जास्त तो कधी काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

हाच नारळपाणीवाला संतोषच्या केसमध्येही पंच होता. ही मुख्य गोष्ट.

संतोष दिघ्याचा. खिडक्यांच्या ग्रिल बसवायचं काम करायचा. खाडीकाठच्या एका जुन्या गावात भरदुपारी एका घरात कोणी शिरलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात लोखंडी सळई घातली, कपाटातले दागिने घेतले आणि निघून गेलं. म्हातारा दवाखान्यात पोचायच्या आत गेला. त्याची बायको यमुनाबाई मागच्या पडवीतून आत आली तेव्हा तो माणूस दारातून बाहेर पडत होता. दारात ऊन, घरात अंधार. तिनं त्याला पाहिलं ते तेवढंच. संतोषनं काही महिने आधी त्याच गावात ग्रिलचं काम केलं होतं आणि दिघ्यात मारामारीची एक तक्रार त्याच्या नावावर होती. पोलिसांना तेवढं पुरलं.

दागिने कधीच सापडले नाहीत. सळई सापडली, ती नारळपाणीवाल्याच्या साक्षीनं. तिच्यावर रक्त मिळालं नाही. उरली ओळखपरेड. यमुनाबाईंनी परेडीत संतोषला ओळखलं, कोर्टातही बोट दाखवलं, आणि त्याला जन्मठेप झाली. हायकोर्टातलं अपील पडून होतं. आमच्याकडे अर्ज आला तो त्याच्या आईचा. ती दिघ्याला एका खानावळीत पोळ्या लाटायची. अर्जात तिनं एवढंच म्हटलं होतं की तो नव्हता. प्रत्येक आई हेच म्हणते, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता.

ओळखपरेड म्हणजे काय, ते ज्यांच्यावर कधी वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. आरोपीला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या, त्याच वयाच्या पाच-सहा अनोळखी माणसांत उभं करतात. पोलिसांनी तिथं थांबायचं नसतं. शहरातल्या कोणा प्रतिष्ठित माणसाला सरकारनं मानद दंडाधिकारी नेमलेलं असतं, तो परेड घेतो. साक्षीदारानं रांगेसमोरून जायचं, आणि नुसतं बोट दाखवून भागत नाही, जवळ जाऊन त्या माणसाला हात लावायचा. आम्ही वकील लोक मग उलटतपासणीत ठरलेले प्रश्न विचारतो. आधी फोटो दाखवला होता का? आरोपीची दाढी वाढलेली होती का? पोलीस खोलीत होते का? मीही जन्मभर हेच विचारले, तेही ओरडून. संतोषच्या वकिलानंही हेच विचारले होते. यमुनाबाईंनी सगळ्यांना 'नाही' म्हटलं होतं, आणि ते खरं होतं.

फरीदा आणि मी यमुनाबाईंच्या घरी गेलो. साक्षीदाराला भेटायचे आमचे नियम कडक आहेत. एकटीनं जायचं नाही. कोणाच्या अर्जावरून आलो ते पहिल्यांदा सांगायचं. आपल्याला काय ऐकायचंय ते शेवटपर्यंत सांगायचं नाही.

आता तिथं तीन मजली घर आहे. वर भाडेकरू, खाली यमुनाबाई. त्या पायरीवर परात घेऊन मोड आलेले वाल सोलत होत्या. फरीदानं नियमाप्रमाणे सगळं सांगितलं.

"म्हंजे त्याला सोडवाला आलेव," यमुनाबाई म्हणाल्या.

"सोडवायला नाही. आम्ही कागद बघतोय," फरीदा म्हणाली.

"कागद काय माज्याजवल हायेत?" त्यांनी विचारलं आणि परात माझ्याकडे सरकवली. "बसलीस तं हात चालव."

त्या एकेरीनं माझं अर्धं काम केलं. पंचाहत्तरीच्या आसपासच्या दोघी आम्ही, गुडघ्यांचं ऑपरेशन दोघींनीही टाळलेलं. फरीदालाही एक मूठ वाल मिळाले.

फरीदानं घटनेचं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. उंची, रंग, शर्ट, दारातलं ऊन. मी कोर्टातली साक्ष वाचलेली होती. तीच, त्याच क्रमानं आली. हे नेहमी होतं. माणसानं एकदा कोर्टात सांगितलं की पुढं जन्मभर तो तेवढंच सांगतो. डोळ्यांनी पाहिलेलं मागं कुठं राहिलं, हे त्यालाही माहीत नसतं. त्यात खोटेपणा काही नसतो.

म्हणून मी केस सोडून दिली आणि इकडचं तिकडचं सुरू केलं. त्यांच्या म्हाताऱ्याला वालाचं बिरडं आवडायचं, पण नारळ कमी पडला तर ताट सरकवायचा. आमच्याकडेही असाच एक होऊन गेला, मी म्हणाले. दोघी हसलो. मग मी जे विचारलं ते वकील म्हणून नव्हतंच, आपलं बाईमाणूस म्हणून विचारलं.

"त्या परेडीत एवढ्या पुरुषांपुढं एकटीनं जायचं. भीती नाही वाटली?"

"भीती कशाची? आमचीच तं होती सगली."

"आमची म्हणजे?"

"आमचे गावची. बालाराम होता, माजा पुतन्या. त्याचा चुलता होता. टेंपोन बसवून मना तेच तं घेऊन आलेले. आख्खा गाव आलेला त्या दिवशी ठान्यावर, खुनी धरला म्हनून. मंग हवालदार भायेर आला नि बोल्ला, मानसा कमी हायेत, तुमच्यातली सहा जना आत या."

फरीदाच्या बोटांत एक वाल अर्धा सोललेला तसाच राहिला.

"मंग तो परेडवाला दुसरा साहेब आला नि बोल्ला, यातला कोन तो बघ, जाऊन हात लाव. आता थोरल्या दिराला हात लावू? चुलतसासऱ्याला लावू? त्याचे तं केस पांढरे, त्याला कोनाची तरी टोपी घातलेली. बालारामला मी कडेवर खेलवलाय. यो एकच परका उभा. त्याला लावला." त्यांनी सालं एका बाजूला सारली. "का गो? काय चुकला?"

तरुणपणची मी असते तर 'म्हणजे आपण कबूल करता की' असं म्हणत उठले असते, परात लवंडली असती, आणि यमुनाबाईंनी तोंड मिटलं असतं ते कायमचं. म्हातारपणाचा हा एक फायदा आहे. आनंद झाला तरी गुडघे उठू देत नाहीत. मी वाल सोलत राहिले आणि म्हणाले, "तुमचं काही नाही चुकलं."

परतल्यावर फरीदानं पुन्हा कागद काढले. परेडीच्या अहवालात मानद दंडाधिकाऱ्यांनी सहा माणसं 'साक्षीदारास अपरिचित' असल्याचं आणि स्वतः निवडल्याचं लिहिलं होतं. कोर्टात शपथेवर तेच सांगितलं होतं. ते आले तेव्हा रांग उभीच होती, आणि ज्या अधिकाऱ्यानं ती उभी करायला लावली त्याला बाहेरचा टेंपो कुठल्या गावाचा आहे ते माहीत होतं. आणि गावाला यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या माणसाचा खून झाला, पोलिसांनी मदत मागितली, आपण आत जाऊन उभे राहिलो. ही गोष्ट लपवलेली नव्हती. सगळ्या गावाला माहीत होती. फक्त कोणी विचारली नव्हती.

नुसतं आम्हाला कळून भागणार नव्हतं. अपिलाच्या वकिलाला हायकोर्टात सांगता यायला हवं होतं की या बाईंची साक्ष पुन्हा घ्या, आणि बाई पुन्हा साक्ष द्यायला तयार हव्या होत्या. म्हणून आम्ही दुसऱ्यांदा गेलो. या वेळी बाळाराम घरी होता. पन्नाशीचा, गळ्यात चेन, माती-खडीच्या डंपरचा धंदा. फरीदानं दोघांना सगळं समजावून सांगितलं. परेडीत माणसं अनोळखी का लागतात, आणि ती तशी नव्हती म्हणून काय झालं असेल.

बाळाराम लगेच उसळला. "काकी, तू आता कोरटात उलटी बोलनार? गाव काय बोलंल? काकाच्या खुन्याला हिनीच सोडवला बोलतील."

"तो खुनी आहे की नाही तेच नक्की नाही, असं आम्ही म्हणतोय," फरीदा म्हणाली.

"म्याडम, आमी पोलिसांना मदत केली. आता आमालाच आत टाकतील."

"तुम्ही कोर्टात काही सांगितलंच नव्हतं. नुसते उभे होतात," मी म्हणाले.

"उभं राहायलाच तं बोलावलेला!"

मधेच यमुनाबाईंनी मला विचारलं, "त्याची आई हाय?"

"आहे. दिघ्याला."

"काय करते?"

"खानावळीत पोळ्या लाटते."

"हं," यमुनाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्याच नाहीत. आम्ही निघालो.

नंतर कितीतरी दिवस काही कळलं नाही. जज्जसाहेब म्हणाले, नाही येणार त्या. का याव्यात? आत्ता त्यांच्याकडे निदान नवऱ्याचा खुनी तरी आहे. आपण तोही काढून घेतोय. मला त्यांचं म्हणणं पटलं. आणि एके दिवशी बाळारामचा फोन आला. आवाज नाराजीचा. "काकी बोलते, कवा यायचा ते सांगा." मधल्या काळात त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. विचारायची फार इच्छा होती. विचारलं नाही. माझ्या बाबतीत ही मोठी प्रगती आहे.

हायकोर्टानं खालच्या कोर्टाला त्यांची साक्ष पुन्हा नोंदवायला सांगितलं. साक्षीच्या दिवशी त्या नवी कोरी नऊवारी नेसून आल्या. बरोबर बाळाराम. संतोषला तुरुंगातून आणलं होतं. तो समोर होता, पण त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं नाही. परेडीत कोण कोण होतं ते त्यांनी सांगितलं. नात्यासकट, एकेक.

सरकारी वकील तरुण होते आणि उंच आवाजात विचारत होते. मला ओळखीचं वाटलं.

"एवढ्या वर्षांनी हे आठवलं तुम्हाला? कोणी शिकवलं?"

"आठवला नाय. मना ठावकच होता. तुमी कोनी इचारला नाय."

"म्हणजे आधीची साक्ष खोटी होती?"

"हात लाव बोलले, लावला. वलखतेस का बोलले, हो बोलले. परेडीत बघितलेला ना मी त्याला. मंग वलखनार नाय तं काय?"

मग न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवून स्वतः विचारलं, "बाई, नीट बघा आणि सांगा. त्या दुपारी तुमच्या घरातून बाहेर पडला तो माणूस हाच होता का?"

यमुनाबाईंनी संतोषकडे पाहिलं. तो खाली बघत होता. कोर्टात असतो तेवढा आवाज होता, कागदांचा, शिपायाच्या चपलांचा. मग त्या न्यायाधीशांकडे वळल्या.

"साहेब, डोले मिटले का मना याचाच तोंड दिसतंय. रोज दिसतंय. पन ते त्या दिवसाचा हाय का परेडीचा, ते मना आता सांगता येत नाय."

न्यायाधीशांनी ते मराठीत, त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. इतक्या वर्षांत ओळख पटण्याबद्दल मी खूप वाचलं, सुनावण्यांत ऐकलं, स्वतः पानंच्या पानं बोलले. या वाक्यापलीकडे त्यातलं काही जात नाही.

अपील मंजूर झालं. परेडीची ओळख गेली आणि केसमध्ये काही उरलं नाही. तपास अधिकाऱ्याबद्दल निकालात नापसंतीचं एक वाक्य आहे. अधिकारी तोवर निवृत्त झालेले होते. मानद दंडाधिकारी वारलेले. नारळपाणीवाला अजून तिथंच आहे, शहाळं महाग झालंय.

संतोष आईबरोबर गाळ्यात आला. पेढे आणले होते. बस म्हटल्याशिवाय बसला नाही. जज्जसाहेबांनी सहज नाव विचारलं तर ताडकन उठून, वडिलांच्या नावासकट आणि मागं तुरुंगातला नंबर जोडून, सांगितलं. त्याची आई म्हणाली, "घरीबी असंच करतोय. मी हाक मारली तरी उभा राहतोय." जज्जसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्याला ग्रिलचं काम परत मिळेल का, याची चौकशी फरीदा करतेय. लोकांना घराच्या ग्रिलसाठी त्याला बोलवायला भीती वाटते, आणि त्यांनाही मी काय बोलणार? आमच्या सोसायटीत मला बघून पर्स सरकवतात.

मला वाटलं, ही केस संपली. आता शेवटचं.

एका दुपारी यमुनाबाई गाळ्याचा जिना चढून वर आल्या. धापा टाकत, कठड्याला धरून, मधल्या वळणावर थांबत. बाळाराम खाली गाडीत बसून राहिला. जज्जसाहेब उठून उभे राहिले, मी पाणी दिलं. त्यांनी पेला रिकामा केला, बाजूला ठेवला.

"त्या पोराचा काम झाला," त्या म्हणाल्या. "आता माजा करा."

"तुमचं कोणतं?" फरीदानं विचारलं.

"आमच्या म्हाताऱ्याला मारला कोनी?"

मी समजावून सांगायला लागले, कारण साक्षीदारांशी बोलायचं काम माझं. आमच्याकडे शिक्षा झालेल्या माणसाचे कागद येतात, तेवढंच आम्ही बघतो. गुन्हेगार शोधायचं आमचं काम नाही, तसा अधिकारही नाही. जज्जसाहेबांनी कलमं सांगितली. पुढचा तपास पोलिसांनीच करायचा असतो. यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग काय करू?"

"अर्ज करायचा," फरीदा म्हणाली. "मी लिहून देते. पुन्हा तपास करा म्हणून."

"नि द्यायचा कुठं?"

फरीदानं माझ्याकडे पाहिलं. मी पोलीस ठाण्याचं नाव सांगितलं.

यमुनाबाईंनी पदर सारखा केला. "तिथंच तं गेलेली मी, सुरवातीला," त्या म्हणाल्या आणि फरीदानं लिहायला घेतलंय का ते बघत खुर्चीत बसून राहिल्या.